श्रद्धा, सबुरी आणि गुडघे

डिलिव्हरीनंतर काय काय होतं, याची यादी मला सातव्या महिन्यापासूनच मिळायला लागली होती. केस गळतील, झोप उडेल, जीन्स कपाटातच राहील. गुडघ्यांचं नाव मात्र कुणीच घेतलं नव्हतं. लेक दोन महिन्यांची झाली आणि माझे गुडघे बोलायला लागले. जिना उतरताना कट्ट. तिला जमिनीवरून उचलताना कट्ट. वय वर्षं ३१ फक्त!

तक्रार केली की उत्तरं ठरलेली. आई म्हणाली, "ओली बाळंतीण तू, वारं लागलं असेल." मालिशवाल्या मावशींच्या मते शेक कमी पडला. आणि डॉक्टरांनी "होतं असं, जाईल" म्हणत पुढच्या पेशंटला हाक मारली. सहा आठवड्यांच्या तपासणीत टाके बघतात, बीपी बघतात. खाली बसून उठून दाखव, असं कुणीच सांगत नाही. तेवढं एक सांगितलं असतं तरी चाललं असतं.

पाचव्या महिन्यात शिर्डीला निघालो. सासूबाईंनी नवस बोलला होता, नात बाबांच्या पायावर घालायची. गुरुवारची गर्दी नको म्हणून मंगळवार धरला. पुण्याहून गाडीने चार-पाच तास. संगमनेरला चहाला उतरले, तर गुडघे सरळ होईनात. (दोन्ही पाय दुमडून बराच वेळ बसलं की वाटीमागे दुखतं, हे या दुखण्याचं अगदी टिपिकल लक्षण आहे, हे नंतर कळलं. थिएटरमध्येही तसंच होतं म्हणे.)

दर्शनाचं टेन्शन घेतलं होतं, ते उगाचच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या दर्शनरांगेच्या नव्या इमारतीत दहा हजारांहून जास्त भाविक बसू शकतील असे एसी हॉल आहेत, आणि तान्ह्या बाळांच्या आयांना वेगळी सोय मिळते. समाधीसमोर लेक चक्क हसली. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी.

घोळ झाला तो नंतर. लेंडीबागेजवळ सावली बघून मी मांडी घातली आणि लेकीला पाजलं. ती झोपली. मला उठता येईना. सासूबाई हात द्यायला वाकल्या आणि "आई गं" करत माझ्याच शेजारी टेकल्या. नवरा चपला आणि पेढे धरून उभा.

"मलाही उठवत नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "हा झाला तेव्हापासूनचं आहे."

'हा' म्हणजे माझा नवरा. वय ३४! म्हणजे "होतं असं, जाईल" हे त्यांनाही कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते ३४ वर्षं गेलंच नव्हतं. जिना नको म्हणून त्या मैत्रिणींच्या भिशीला जात नाहीत. त्यांना यात्रा फार आवडतात, पण वैष्णोदेवीचं नाव काढत नाहीत. हे सगळं स्वभावाचं आहे, असं मी इतके दिवस समजत होते.

पुण्यात परतल्यावर मी थेट फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने मला खुर्चीवरून एका पायावर उठायला सांगितलं. छे! "गुडघा बिघडलेला नाही," ती म्हणाली, "त्याला धरून ठेवणारी माणसं रजेवर गेलीत."

ही माणसं म्हणजे मांडीचे आणि नितंबांचे स्नायू. गरोदरपणात रिलॅक्सिनसारखी हार्मोन्स सांध्यांचे बंध सैल करतात. बाळ झाल्यावर हार्मोन उतरतं, पण सैलपणा जायला काही महिने लागतात. वर दहा-बारा किलो वजन वाढलेलं. त्यात आपला सव्वा महिना बाजेवर! स्नायू ढिले पडले की गुडघ्याची वाटी तिच्या खोबणीत नीट सरकत नाही, मग घासते, दुखते. चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा भार येतो, जिन्यावर तिपटीहून जास्त आणि उकिडवं बसलं की सात-आठपट. आता आपल्या घरातलं बाळ आठवा. दुपटं बदलायचं सतरंजीवर, पाजायचं मांडी घालून, खेळणी उचलायची वाकून. दिवसभर उठाबशाच चालतात, त्याही तयारीशिवाय.

म्हणून आधी उंची बदलायची. दुपटी पलंगावर बदला. पाजायला पाठीला आधार असलेली खुर्ची घ्या, पाय जमिनीला टेकलेले हवेत. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आणि बाळ घेऊन उतरायचं काम नवऱ्याचं, निदान काही आठवडे.

मग व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद खाली दाबायची. पाय ताठ ठेवून वीतभर उचलायचा. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलायची. आणि हात न लावता खुर्चीवरून उठायचं, सावकाश बसायचं. प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून दोनदा. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर आकडा कमी करा, बंद नका करू. फरक जाणवायला सहा आठवडे लागतात, पूर्ण यायला तिप्पट सबुरी लागू शकते. उदी मीही लावते. पण लावल्यावर दहा वेळा पाय उचलते.

नीकॅपने आधार वाटतो, पण स्नायू नीकॅप लावून मजबूत होत नाहीत. पेनकिलर स्वतःच्या मनाने नको, पाजत असाल तर अजिबातच नको. डिंकाच्या लाडवांनी माझी हाडं मजबूत झाली की नाही माहीत नाही, वजन नक्की झालं! व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड तपासून घ्या, दोन्ही बिघडलेली असू शकतात आणि थकवा बाळावर ढकलला जातो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. सकाळी उठल्यावर तासभर सांधे आखडत असतील, गुडघा सुजून गरम होत असेल, बोटांचे सांधेही दुखत असतील, तर डॉक्टर गाठा. ऱ्हुमॅटॉइड संधिवात बाळंतपणानंतरच्या महिन्यांत डोकं वर काढू शकतो. आणि पहिल्या काही आठवड्यांत एकच पोटरी सुजून दुखली तर त्याच दिवशी हॉस्पिटल. रक्ताची गुठळी असू शकते. "जाईल" म्हणणाऱ्यांना तिथे थारा नाही.

सासूबाईंचे गुडघे वेगळ्या टप्प्यावर आहेत, एक्स-रे निघालाय. व्यायाम मात्र तेच. त्या माझ्यापेक्षा जास्त वेळा उठतात आणि मोठ्याने मोजतात.

शिर्डीला जाणार असाल तर दर दीड तासाला गाडी थांबवा. प्रसादालयात टेबलं-बाकं आहेत, जेवायला तिथेच जा. आणि परतताना राहात्याला पेरूंचा सीझन असेल तर उतरा. पाय मोकळे करायला. बरं, पेरूंसाठीही.