पाचक औषधाच्या बाटलीवरचा आकडा

पंगतीनंतर पोट जड झाले की पाचक औषधाचे दोन चमचे घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. अशा काही बाटल्यांवर बारीक अक्षरांत ‘पेप्सिन १:३०००’ असे छापलेले असते. पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला या आकड्याचा अर्थ ठाऊक असायला हवा.

पेप्सिन हे जठरातील प्रथिने पचविणारे विकर, म्हणजेच एन्झाइम. १८३६ साली थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने ते शोधून काढले. १:३००० याचा अर्थ असा की, एक ग्रॅम पेप्सिनने ठरावीक परिस्थितीत तीन हजार ग्रॅम उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग विरघळवावा. आम्लयुक्त पाण्यात दोन्ही ठेवायचे आणि किती साका उरला ते पाहायचे, ही जुनी पद्धत. सोपी, पण ढोबळ. १९३८ साली अॅन्सन यांनी हिमोग्लोबिन वापरून अधिक काटेकोर पद्धत मांडली. तीत पचलेला भाग वेगळा करून त्याचे प्रमाण रंगाच्या गडदपणावरून काढतात. ट्रिप्सिनसारख्या विकरासाठी दुधातील केसीनही वापरले जाते.

अडचण इथेच आहे. अंडे, हिमोग्लोबिन आणि केसीन यांवर एकाच विकराची ताकद वेगवेगळी दिसते. तापमान, आम्लता किंवा वेळ बदलली तरी आकडा बदलतो. पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे, तसाच हा प्रकार. वजनमापांचा तो घोळ १९५६ च्या कायद्याने मिटवला. विकरांच्या बाबतीत मात्र पद्धत सांगितल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. स्वादुपिंड निकामी झालेल्या रुग्णाचे अन्न विकरांच्या गोळ्यांवरच पचते. गोळीची ताकद कमीजास्त झाली तर त्याचे पोषणच बिघडते. अशा औषधांच्या ताकदीत तफावत आढळल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली त्यांना रीतसर मंजुरी सक्तीची केली. २०१४ साली ‘इन्फोजेस्ट’ या गटातील शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतील पचनाच्या प्रयोगांसाठी समान पद्धत सुचवली. पेप्सिन कशावर, किती आम्लतेत आणि कोणत्या तापमानाला मोजावे, हेही तीत ठरवून दिले आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. पाचक औषधाच्या वेष्टनावर ताकदीबरोबर मोजणीची पद्धतही छापावी. द्रवरूपातील विकरे काळाबरोबर आणि उष्णतेने क्षीण होतात. म्हणून बाटली भरतानाची नव्हे, तर मुदत संपेपर्यंत टिकणारी ताकद सांगावी.

वाचकांनीही एवढे करावे. बाटली उन्हात ठेवू नये, मुदत पाहूनच घ्यावी. मोठा आकडा म्हणजे चांगले औषध, असे समजू नये. अपचन वारंवार होत असेल, वजन घटत असेल किंवा शौचाला तेलकट होत असेल, तर चमच्यांवर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे.