चिठ्ठीचा न्याय

यकृत अचानक निकामी झाले, की रक्तात विषारी द्रव्ये साचतात, मेंदूला सूज येते, शुद्ध हरपते. मूत्रपिंडाला डायलिसिसचा आधार आहे. यकृताला तसे भरवशाचे यंत्र नाही. उरते प्रत्यारोपण, तेही वेळेत मिळाले तर!

यावर डॉक्टरांनी एक तोड काढली. रुग्णाच्या रक्तातला प्लाझ्मा काढून टाकायचा आणि रक्तदात्यांचा घालायचा, सलग तीन दिवस. कल्पना पटण्यासारखी, पण पटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. म्हणून कोपनहेगन, लंडन आणि हेलसिंकी येथे १९९८ ते २०१० या काळात १८२ रुग्णांवर तिची परीक्षा घेण्यात आली. नेहमीचे उपचार सर्वांनाच होते. प्लाझ्मा कोणाचा बदलायचा, हे मात्र चिठ्ठी टाकावी तसे ठरले. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्लाझ्मा बदललेल्यांपैकी शेकडा सुमारे ५९ जण रुग्णालयातून जिवंत बाहेर पडले, इतरांपैकी ४८.

मग ज्यांची चिठ्ठी निघाली नाही, त्यांच्यावर अन्याय झाला काय? अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या आईला तसेच वाटणार. परंतु हा उपचार तारील की मारील, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. परक्या प्लाझ्माचेही धोके असतातच.

आपल्याकडे वेल्लोरला उंदराचे विष पोटात गेलेल्या रुग्णांवरही हा उपचार झाला आहे. हताश नातेवाईक ‘करून तर बघा’ म्हणणारच. पण केल्याचा चोख हिशेब राहिला नाही, तर एकाच्या मरणातून दुसऱ्याच्या जगण्यासाठी काहीच शिल्लक उरत नाही.