कादंबरीने जे झाकले, ते

कादंबरीवरून नाटक वा चित्रपट निघाला, की कोणता प्रसंग गाळला, कोणते पात्र वाढविले, शेवट बदलला काय, याचा जमाखर्च मांडून त्याच्या प्रामाणिकपणाचा निवाडा देण्याची प्रथा आहे. हा निवाडा किती अपुरा असतो, हे डब्लिनमध्ये जन्मलेल्या एमा डोनह्यू यांच्या ‘रूम’ या कादंबरीच्या वाटचालीवरून ध्यानात यावे.

२०१० साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. एका तरुणीला पळवून नेऊन एका नराधमाने बंदिस्त खोलीत कोंडले आहे. तेथेच जन्मलेला तिचा पाच वर्षांचा मुलगा जॅक कथा सांगतो. ती खोली हेच त्याचे विश्व. रात्री तो माणूस आला, की जॅक कपाटात पडून पलंगाची करकर मोजतो. त्याला जे उमगत नाही ते वाचकाला उमगते, आणि या अंतरातच कादंबरीचे सामर्थ्य आहे. मुलाच्या अज्ञानाने आईच्या विटंबनेला आडोसा दिला आहे.

कॅमेऱ्यापुढे हा आडोसा टिकणे कठीण, कारण सर्व काही दाखविणे हा त्याचा स्वभावच होय. २०१५ च्या चित्रपटाची पटकथा डोनह्यू यांनीच लिहिली. दिग्दर्शन लेनी अब्राहमसन यांचे. जॅकचे निवेदन त्यात थोडेच उरले. त्याच्या भाषेची नवलाई बरीचशी गेली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या रात्रींच्या प्रसंगी कॅमेरा कपाटातल्या मुलाची संगत सोडीत नाही. या विषयावर सनसनाटी गुन्हेपट काढणे सोपे होते. तो मोह येथे आवरला गेला. शब्द हरवले तरी संयम टिकला. आईच्या भूमिकेसाठी ब्री लार्सन यांना ऑस्कर मिळाले, त्यामागे या संयमाचाही वाटा आहे.

२०१७ साली लंडनमध्ये कोरा बिसेट यांच्या दिग्दर्शनाखाली ‘रूम’ रंगभूमीवर आले व पुढे डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्येही त्याचे प्रयोग झाले. जॅकचे मनोगत बोलण्यासाठी एका प्रौढ नटाची योजना होती. रंगभूमीच्या संकेतांना ती शोभून दिसते आणि चित्रपटात हरवलेला आवाजही परत मिळवून देते. गाण्यांविषयी मात्र तसे म्हणवत नाही. वाचकाने मुलाच्या बोलण्याआडून ओळखायचे दुःख आई उघडपणे गाऊ लागते, तेव्हा ते अंतर आटते. नाट्यलेखनही डोनह्यू यांचेच होते. तेव्हा मूळ लेखिका सोबत असणे हीदेखील पुरेशी हमी ठरत नाही.

रूपांतरकाराने कादंबरी काय सांगते याबरोबरच ती काय सांगण्याचे नाकारते, हेही स्वतःला विचारले पाहिजे. प्रसंग गाळल्याने कादंबरीचे फारसे बिघडत नाही. पीडितेच्या यातनांचा देखावा होतो, तेव्हा मात्र तो अपराध मूळ संहितेपुरता मर्यादित राहत नाही.