काकांचं मैदान



"मुलगा सातवीत आहे. सहाला कबड्डीला जातो तो आठला उगवतो. अंगभर माती. वडील रागवायचे सोडून उलट फूस देतात. काय करावं?" अशा अर्थाची दोन-तीन पत्रं माझ्यापुढं आहेत. शाळेत अर्धवेळ शिकवते म्हणून याचं उत्तर मला ठाऊक असेल, असं तुम्हांला वाटलं असणार. पण मला विचाराल तर ते आमच्या थोरल्या भाऊजींनी द्यावं.

दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण मागं पडतं आणि आमचं कोन लागतं. खाडी, मागांचा खडखडाट, गोदामांकडे जाणारे ट्रक, आणि या सगळ्यांतून उरलेली मोकळी जागा. त्या जागेत भाऊजी संध्याकाळी पोरं खेळवतात. त्यांना स्वतःचं मूलबाळ नाही, पण 'काका, काका' करणारी वीस-पंचवीस तरी असतील. १५ जुलैला, म्हणजे बुवा साळवींच्या जन्मदिवशी, कबड्डी दिन म्हणून ते सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटतात.

भाऊजी फार बोलत नाहीत, पण या खेळातला एक नियम मात्र आयांना आवर्जून समजावतात. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो खरा, पण आपल्या कुणी समोरचा एक मारला की तो पुन्हा जिवंत होऊन आत येतो. "म्हणजे बाहेर बसलेल्यानं रुसायचं नाही, आतल्याला ओरडून बळ द्यायचं. ही शिकवण घरात बसून देता येते का, सांगा!" मला तरी वर्गात देता आलेली नाही, बरं का.

अभ्यासाचं म्हणाल, तर गृहपाठ झालेला नसेल त्यानं आधी मैदानाच्या रेषा आखायच्या, असा त्यांचा शिरस्ता आहे. रेषा आखणारे दिवसेंदिवस कमी झालेत!

वडिलांबद्दल मात्र त्यांचं मत जरा कडक आहे. रेषेबाहेरून "पकड! धर त्याला!" म्हणून ओरडणारा बाप त्यांना चालत नाही. हरल्यावर घरी जाताना वाटेतच चुका मोजणारा तर मुळीच नाही. "पोराला आंघोळ करू द्या, जेवू द्या. सकाळी तोच सांगेल काय चुकलं ते."

आपल्या शेजारच्या डोंबिवलीच्या अजिंक्य रहाणेनं लहानपणची एक आठवण सांगितली आहे. सरावासाठी त्याला लोकलनं दूर मुंबईला जावं लागे. वडिलांनी एके दिवशी त्याला एकट्याला गाडीत बसवलं आणि त्याच्या नकळत स्वतः त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यातून मागोमाग गेले. पोरगं नीट जातंय हे पाहिलं, मगच निर्धास्त झाले. हाच मुलगा १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार होता. पण भाऊजींना त्या विजयापेक्षा तो दुसरा डबाच जास्त आवडतो.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्यावरच कसोटीची वेळ आली. किशोर गटाला वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. आमच्याकडचा एक चांगला चढाईपटू दीड किलोनं जास्त भरत होता. वडील मागावर रात्रपाळी करणारे, मुलाचं नाव व्हावं ही एकच हौस. त्यांनी आदल्या दुपारपासून पोराला जेवण नाही, पाणीसुद्धा नाही असं ठेवलं. सकाळी भाऊजींनी त्याचे सुकलेले ओठ पाहिले आणि वजनकाट्यावर चढण्याआधीच त्याला लिंबू-साखर-मिठाचं पाणी पाजलं. मुलगा गटाबाहेर गेला, संघ पहिल्याच फेरीत हरला. वडील सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्हांला पोर नाही, तुम्हांला काय कळणार?"

भाऊजी त्यावर काहीच बोलले नाहीत. रात्री जेवलेही नाहीत. दोन महिने तो मुलगा मैदानावर फिरकला नाही. आता मोठ्या गटात येतो, बहुतेक वेळ बाहेरच बसलेला असतो. वडील लांब, कोपऱ्यावरच्या टपरीपाशी उभे राहून पाहतात. अजून बोलणं नाही.

भाऊजींच्या बाजूनं मी एवढं नक्की सांगेन की वाढत्या वयात पाणी तोडून वजन उतरवणं हा खेळ नव्हे. वजन घटतं ते अंगातल्या पाण्याचं. मग चक्कर येते, पायात गोळे येतात, आणि चढाईला लागणारा दमच राहत नाही. तुमच्या घरात कुणी असं सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

आणि मुलींनाही पाठवा. २०१० पासून आशियाई खेळांत बायकांची कबड्डी आहे. भाऊजींकडे सध्या चौघीजणी येतात. त्यांच्यासाठी ते अंधार पडायच्या आत खेळ आटोपतात आणि स्वतः दारापर्यंत सोडतात.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनींसाठी: आठऐवजी साडेसात ठरवून घ्या. जाण्याआधी तासभर पोळी-गूळ किंवा केळं द्या, पोटभर जेवण नको. खरचटलं तर हळद चेपण्याआधी वाहत्या पाण्यानं आणि साबणानं माती पूर्ण धुवा, आणि धनुर्वाताची लस झाली आहे ना, ते पाहून ठेवा. बनियनवरची लाल माती ओली असताना चोळू नका, डाग आत बसतो. वाळू द्या, ब्रशनं झटका, मग साबणाच्या गार पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा. गरम पाणी पहिल्यांदा नको.