गाडी माळावर नेता येईल. पण न्यावी का?

विशेष प्रतिनिधी

बारामती : पावसाळा सरला आणि कुसळी गवताला सोनेरी रंग चढला, की पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींच्या गाड्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या माळरानांकडे वळू लागतात. शनिवार-रविवारी सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी या परिसरात उंच टायरांची, टपावर दिवे बसवलेली वाहने दिसणे ही आता नवलाई राहिलेली नाही. खडतर वाटांसाठी भरवशाची गाडी कोणती, हा प्रश्न या हौसेबरोबरच येतो. एकेकाळी या प्रश्नाला 'शिकारीसाठी' हेही विशेषण जोडलेले असे. वाटांचा आणि शिकारीचा हा संबंध समजून घेतल्याखेरीज प्रश्नाचे खरे उत्तर हाती लागत नाही.

जीपने बदललेली शिकार

संस्थानी काळातील शिकार हा मोठ्या लवाजम्याचा खेळ होता. कोल्हापूर दरबारात शिकवलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार केली जात असे. तिला माणसे, जनावरे आणि वेळ लागे. साहजिकच तिची व्याप्तीही मर्यादित राही. मोटारीने ही मर्यादा पुसली. देशातील अखेरच्या तीन चित्त्यांची शिकार १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानच्या राजाने रात्रीच्या वेळी, मोटारीतून जाताना केल्याची नोंद आहे. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

महायुद्धासाठी घडवलेली विलीज जीप १९४०च्या दशकाच्या अखेरीस भारतात जुळू लागली. माळरानाच्या दृष्टीने हा बदल घातक ठरला. डोंगर आणि दाट जंगल जीपला अडवतात. सपाट माळ अडवत नाही. प्रखर दिव्याच्या झोतात हरीण क्षणभर थबकते, आणि शिकाऱ्याला तेवढा क्षण पुरतो. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत काळवीट आणि माळढोक यांची संख्या घसरली, त्यामागच्या कारणांत जीपमधून होणारी शिकार हे एक ठळक कारण मानले जाते.

कायद्याने ही बाब ओळखली होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुळात परवान्याने शिकारीची सोय होती. पण चाकांच्या किंवा यंत्रावर चालणाऱ्या वाहनातून शिकार करण्यास त्याही वेळी मनाई होती. १९९१च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच संपुष्टात आली.

गाडीही सरकारजमा

आज शिकारीसाठी गाडी निवडण्याचा प्रश्न भारतात कायदेशीर अर्थाने शिल्लकच राहिलेला नाही. पिकांची नासधूस करणाऱ्या किंवा जीविताला धोका ठरलेल्या प्राण्याबाबत अधिकृत वनाधिकारी कलम ११ नुसार लेखी आदेश देऊ शकतात, हा मुख्य अपवाद. चिंकारा आणि लांडगा हे माळरानाचे दोन्ही मानकरी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यानंतर दंडाची किमान रक्कम २५ हजार रुपये झाली.

गाडीमालकांनी विशेष लक्ष द्यावे अशी तरतूद कलम ३९ मध्ये आहे. गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले वाहन शासनाची मालमत्ता ठरते. शिवाय 'शिकार' या शब्दाची कायद्यातील व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. प्राण्याला पकडणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे, हुसकावणे आणि यातील कशाचाही प्रयत्न करणे हे सारे तीत येते. त्यामुळे हाती बंदूक नसली, तरी चिंकाऱ्यामागे गाडी घालणाऱ्याला 'मी केवळ छायाचित्र घेत होतो' एवढे सांगून सुटता येईलच असे नाही. लांब पाठलागानंतर गोळी न लागताही हरिणाचे स्नायू निकामी होऊन ते दगावू शकते.

जमीन पाहून गाडी

शिकार बाजूला ठेवली तरी खडतर वाट उरतेच. तिची गरज केवळ हौशींना नाही. शेतकरी, पशुवैद्यक, संशोधक आणि गस्तीवरील वनकर्मचारी यांनाही आहे. येथील जमिनीचे मुख्यतः दोन प्रकार. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात काळी, चिकण माती आणि उसाचे मळे. कालव्याच्या पाण्यापासून दूर, उंचवट्यावर मुरूम, उघडा कातळ आणि विरळ बोरी-बाभळी. वार्षिक पाऊस साधारण पाचशे मिलिमीटर. मुरमाची वाट पाऊस थांबताच काही तासांत निचरते, आणि तेथे चांगल्या उंचीची साधी गाडीही बहुतेक दिवस चालून जाते. काळ्या मातीचे तसे नाही. ती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो, आणि चारही चाके फिरूनही गाडी जागची हलत नाही. येथे यंत्रापेक्षा सबुरी उपयोगी पडते. शेतकरी पावसानंतर वाफसा येण्याची वाट पाहतो. गाडीवाल्यानेही ती पाहावी.

बाजारातील पर्यायांकडे या नजरेने पाहिले तर निवड सोपी होते. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्र थारची २०२०ची आवृत्ती जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आहे. मात्र प्रत्येक थार चारही चाकांना शक्ती देणारी नसते. २०२३ पासून केवळ मागच्या चाकांवर चालणारी थारही विकली जाते, हे खरेदीपूर्वी तपासावे. फोर्स गुरखाच्या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक मिळतात. एक चाक हवेत राहिले, तरी दुसऱ्याला शक्ती मिळते. २०२३ मध्ये आलेली मारुती जिम्नी २१० मिलिमीटर उंच असून तिचे वजन बाराशे किलोंच्या आसपास आहे. मऊ जमिनीत हलकी गाडी कमी रुतते आणि कमी खोल चाकोरी पाडते. परदेशात शिकारीसाठी वापरली जाणारी उघडी, हँडलची 'एटीव्ही' आपल्याकडे सर्वसाधारण मोटारीसारखी नोंदवता येत नाही. पोलॅरिस कंपनीने शेती ट्रॅक्टरच्या वर्गात नोंद होणारे एक मॉडेल आणले. इतरांचा वापर खासगी आवारापुरताच.

नावापेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, टायर. वेड्या बाभळीचा काटा महागड्या गाडीलाही सोडत नाही. म्हणून पूर्ण मापाचे जादा चाक, पंक्चरचे साहित्य आणि हवेचा छोटा पंप बरोबर असावा. दुसरी, दुरुस्ती. ज्या गाडीचा सुटा भाग बारामतीत किंवा इंदापुरात त्याच दिवशी मिळतो, ती भरवशाची. तिसरी, आग. हिवाळ्यापासून पहिल्या पावसापर्यंत गवत वाळलेले असते, आणि एक्झॉस्टचे भाग अतिशय तापतात. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी जाळण्याच्या प्रक्रियेत हे तापमान आणखी वाढते. वाळल्या गवतावर उभी केलेली गाडी वणव्याचे कारण ठरू शकते. कुसळे रेडिएटरच्या जाळीत आणि गाडीच्या पोटाखाली अडकतात, तीही वेळोवेळी काढावी लागतात.

टपावरचे प्रखर दिवे, अवाढव्य टायर, पुढचा लोखंडी बंपर यांचा मोह मात्र टाळलेला बरा. वाहनाच्या मूळ रचनेत उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपलीकडे बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पुढच्या लोखंडी बंपरवर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली.

माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

गाडी जाऊ शकते, एवढ्यावरून ती जावी असे ठरत नाही. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी १९९७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४५ चौरस किलोमीटर. एखादी गाडी तासाभरात त्याच्या या टोकाहून त्या टोकाला अनेकदा जाऊन येईल. चिंकारा अभयारण्याच्या हद्दीत मावत नाही. तो शेते, गायराने आणि वनविभागाच्या गवताळ पट्ट्यांतून फिरतो. लांडगा तर मेंढपाळांच्या वाड्यांच्या मागे मैलोन्‌मैल जातो. हिवाळ्यात तो ओढ्याकाठच्या बिळांत पिलांना जन्म देतो, आणि हौशींच्या गर्दीचाही काळ हाच. धाविक आणि पखुर्डी यांची अंडी घरट्यात नसून उघड्या जमिनीवर असतात. चालकाला ती दिसत नाहीत, टायर मात्र त्यांवरून जातो.

नुकसान एका फेरीत संपत नाही. गवतातून गेलेली चाकोरी पुढच्या गाडीला वाट वाटते. तिसऱ्या-चौथ्या गाडीनंतर ती खरोखरच वाट होते, आणि पहिल्या मोठ्या पावसात तिचा ओहोळ बनतो. मुरमावरची पातळ माती वाहून गेली, की गवत परतायला वर्षे लागतात. महसुली दप्तरात आणि लोकांच्या मनात माळ 'पडीक' ठरला असल्याने या नुकसानीचा पंचनामा कोणी करत नाही. उसाच्या उभ्या पिकात गाडी घातली तर शेतकरी काठी घेऊन धावेल. माळाच्या बाजूने धावणारा कोणी नाही.

पर्याय नाही असे नव्हे. पुणे वन विभागाने २०२४ मध्ये कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. स्थानिक तरुण वाटाडे म्हणून बरोबर असतात, आणि प्राणी पाहण्यासाठी माळ तुडवण्याचे कारण उरत नाही. माळ राखण्यात गावाचा रोजगार गुंतला, की राखणदारही आपोआप तयार होतात. तथापि, सफारीच्या हद्दीबाहेरचे पट्टे उघडेच आहेत. तेथे मान्य वाटांवर दगडांच्या खुणा, ग्रामपंचायतींना बरोबर घेऊन रात्रीची तपासणी, आणि गाडी विकताना ग्राहकाला कायद्याची माहिती, एवढे तरी व्हायला हवे. राखीव वनात विनापरवाना शिरणे हा १९२७च्या भारतीय वन कायद्यान्वयेही गुन्हा आहे. नवी तरतूद करण्याची गरज नाही, असलेली अमलात आणण्याची आहे.

बारामती-इंदापूरच्या माळावर भरवशाची गाडी म्हणजे जी रुतलेल्या वाटेवरून सुखरूप परत आणते ती. वाट सोडून कुठेही जाते ती नव्हे. यंत्राची ताकद आता पैसे मोजून मिळते. ती कुठे वापरायची नाही, हे ठरवणे चालकाच्या हाती आहे. जीपच्या पहिल्या पिढीने ते ठरवले नाही, आणि त्याची किंमत काळविटाने व माळढोकाने मोजली. चिंकारा आणि लांडगा अजून माळावर आहेत, तोवर हा निर्णय घ्यायला वेळ आहे.