पहिली फळी बिघडलीच पाहिजे

आपण कला शाखेचे विद्यार्थी. ‘कला’ हा शब्द आपल्या शाखेच्या नावातच आहे. पण तीन वर्षांत आपल्यापैकी किती जणांनी स्वतःच्या हाताने एखादी वस्तू घडवली, असे कोणी विचारले तर वर्गात शांतता पसरेल. आपण टिपा काढल्या, गाइडे पाठ केली, परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानासमोर रांगा लावल्या. घडवले मात्र काही नाही. गेल्या मे महिन्यापर्यंत मीही त्यांतलाच एक होतो. त्या सुट्टीत मी एक फळी केली, आणि करता करता ती बिघडवली. त्या बिघडलेल्या फळीचे वकीलपत्र घेऊन मी आज आपल्यासमोर उभा आहे.

फळी म्हणजे सर्फबोर्ड. समुद्राच्या लाटेवर आडवे पडून किंवा उभे राहून किनाऱ्यापर्यंत घसरत येण्यासाठी वापरतात ती. या खेळाचे मूळ पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर, विशेषतः हवाईत आहे. हवाईच्या भाषेत त्याला ‘हेए नालू’ म्हणतात. नालू म्हणजे लाट आणि हेए म्हणजे घसरणे. इतिहासाच्या प्रकल्पासाठी वसाहतवादावर वाचन करताना मी हवाईपर्यंत पोहोचलो आणि तिथेच रेंगाळलो. राजघराणी, मिशनरी, उसाचे मळे हे सारे बाजूला राहिले आणि मी फळ्यांबद्दल वाचत बसलो. त्याला कारण होते. माझे वडील सुतार आहेत.

हवाईतले जुने कारागीर फळीसाठी झाड निवडत, तेव्हा तोडण्यापूर्वी त्याच्या बुंध्याशी लाल रंगाचा मासा ठेवून प्रार्थना करीत. मग दगडी वाकसाने लाकूड तासून आकार काढायचा, खरखरीत पोवळ्याने आणि दगडाने घासून ते गुळगुळीत करायचे, काळा रंग द्यायचा आणि शेवटी कुकुईच्या बियांचे तेल चोळायचे, अशी ती रीत. लाकडे मुख्यतः तीन: कोआ, उलू आणि विलीविली. ही नावे परकी वाटली तरी झाडे परकी नाहीत. उलू म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस. विलीविली हे आपल्या पांगाऱ्याच्या कुळातले झाड, तसेच काटेरी आणि तसेच हलक्या लाकडाचे. हे वाचून दाखवल्यावर वडील पहिल्यांदाच माझ्या अभ्यासात रस घेऊन म्हणाले, “पांगारो हलको खरो, पण कीड लागता.” बी. ए.च्या तीन वर्षांत आमच्या दोघांत अभ्यासावरून झालेले हे पहिले संभाषण.

फळ्यांचे प्रकारही तीन सांगतात. पोटावर झोपून वापरायची आखूड ती पायपो. पातळ आणि माणसापेक्षा उंच ती अलाया. आणि चौदा-सोळा फूट लांबीची, सरदार-राजांच्या मानाची ती ओलो. एकोणिसाव्या शतकात परक्यांनी आणलेल्या रोगांनी हवाईची लोकसंख्या भराभर घटली, मिशनऱ्यांना हा खेळ रिकामटेकडेपणाचा आणि अनीतीचा वाटला, आणि लाटांवरची गर्दी ओसरली. तरी खेळ मेला नाही. तो का मेला नाही, याचे मला सुचलेले उत्तर असे: फळी विकत मिळत नव्हती, म्हणून ती करण्याची विद्या लोकांच्या हातांत शिल्लक राहिली.

पाहा ना. 1885 साली हवाईच्या राजघराण्यातले तीन राजपुत्र कॅलिफोर्नियात शिकत होते. तुमच्या-आमच्यासारखे विद्यार्थीच ते. सांताक्रूझच्या किनाऱ्यावर लाटा दिसताच त्यांना घर आठवले. त्यांनी तिथल्याच रेडवूड लाकडाच्या फळ्या कापून घेतल्या आणि समुद्रात उतरले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्फिंगची पहिली नोंद सापडते ती ही. ऑलिंपिकमधला सुप्रसिद्ध जलतरणपटू ड्यूक कहानामोकू 1914 साली ऑस्ट्रेलियात गेला, तेव्हा त्याच्याजवळ फळी नव्हती. सिडनीत मिळालेल्या शुगर पाइनच्या लाकडातून त्याने ती घडवली आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर लोकांना लाटेवर उभे राहून दाखवले. ती फळी तिथल्या क्लबाने आजही जपून ठेवली आहे. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातल्या जुन्या ओलो फळ्या पाहून टॉम ब्लेक या अमेरिकन तरुणाला ध्यास लागला. 1926 साली त्याने तशी फळी केली आणि वजन कमी व्हावे म्हणून लाकडात शेकडो भोके पाडून वरून पातळ लाकूड बसवले. पुढे पोकळ फळीचे पेटंट घेतले, 1935 साली फळीच्या तळाला सुकाणूसारखे पाते जोडले, आणि 1937 साली ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकात घरच्या घरी पोकळ फळी कशी करावी याचा आराखडाच छापला. पेटंट घेणारा माणूस आपली विद्या मासिकातून वाटून टाकतो, हे मला फार आवडले.

1958 च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमच्या फळ्या यशस्वी केल्या. हलका फोम, वर काचधाग्याचे कापड आणि रेझिन. फळी स्वस्त झाली, हलकी झाली, हजारोंनी खपू लागली. यात वाईट काहीच नाही. पण पुढे अमेरिकेतल्या बहुतेक कारागिरांना लागणारे फोमचे ठोकळे एकट्या क्लार्कच्या कारखान्यातून येऊ लागले. 5 डिसेंबर 2005 रोजी त्याने कारखाना अचानक बंद केला आणि सारा धंदा हवालदिल झाला. कारागीर होते, हत्यारे होती, गिऱ्हाईक होते. ठोकळा मात्र नव्हता. एका दारावर सगळ्यांनी विसंबून राहिले की काय होते, त्याचा हा धडा. नेमक्या त्याच काळात टॉम वेगेनरसारखे कारागीर बिशप संग्रहालयातल्या जुन्या अलाया पाहून पुन्हा साध्या लाकडाकडे वळले होते.

हे सारे वाचून माझ्या डोक्यात वारे शिरले. आता माझी फजिती सांगतो.

मला वाटले, लाकूड वडिलांचे. आपण शिकलेले, आपण आधुनिक फळी करू. मासळीच्या पेट्यांचे थर्मोकोल जमवले, चिकटवून जाड पाट केला, पुठ्ठ्याचा साचा ठेवून करवतीने कापला, सँडपेपरने घासला. आकार बरा आला. आमच्या बंदरात आता बहुतेक होड्या फायबरच्या, त्यामुळे रेझिन आणि काचेचे कापड मिळायला अडचण नव्हती. हार्डनर मिसळून मोठ्या ऐटीत पहिला हात दिला. पाच मिनिटांत माझ्या फळीला खड्डे पडू लागले. दहा मिनिटांत तिचे पिठले झाले. होड्यांना वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन. त्यातले स्टायरीन थर्मोकोलला विरघळवते. थर्मोकोलवर इपॉक्सी रेझिनच लागते. हे ज्ञान मला त्या पिठल्याने दिले. वडील ओसरीवरून पाहत होते. एवढेच म्हणाले, “ह्यां काय करून ठेवलंस रे?”

दुसऱ्या दिवशी त्यांनीच माळ्यावरून फणसाची एक जुनी फळी काढली. चार फूट लांब, सोळा इंच रुंद, इंचभर जाड. नीरफणसाची भावकीच ती. आखूड पायपो करायला पुरेशी. आणि मग जे वडिलांनी मला कधी शिकवले नव्हते, आणि मीही कधी शिकवा म्हटले नव्हते, ते सुरू झाले.

वाचकहो, इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. सुताराच्या मुलाने रंधा धरू नये, ही इच्छा सुताराचीच होती. ‘माझ्यासारखो भुसो खाव नको’, असे म्हणून त्यांनी मला कॉलेजात पाठवले. आणि वडिलांचा धंदा विचारल्यावर मी ‘व्यवसाय’ असे मोघम लिहीत आलो. हवाईच्या कारागिरांबद्दल भक्तिभावाने वाचणारा मी, घरातल्या कारागिराबद्दल फॉर्मवर एक शब्द लिहायला लाजत होतो. हे मला रंधा हातात आल्यावर कळले. पुस्तकातून कळले नसते.

आता कृती. ज्याला करायची असेल त्याने लक्ष द्यावे. फळीचा पूर्ण आकार कधीही कागदावर काढू नये. दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत. फळीच्या मधोमध रेघ मारावी, पुठ्ठ्यावर अर्धाच आकार काढावा, रेघेला लावून एक बाजू आखावी आणि तोच पुठ्ठा पालथा करून दुसरी आखावी. वडील याला फरमा म्हणतात. परदेशातले फोमचे कारागीर हेच करतात. करवत आखलेल्या रेघेच्या थोडी बाहेरून चालवावी; उरलेले रंध्याने काढता येते, गेलेले परत येत नाही. नाकाकडचा भाग खालून किंचित उचललेला हवा, नाहीतर फळी लाटेत नाक खुपसते. कडा आधी कोनात उतरवाव्यात, मग हळूहळू गोल कराव्यात. दर थोड्या वेळाने रंधा ठेवून फळीवरून डोळे मिटून हात फिरवावा. नजरेला न दिसणारा उंचवटा तळहाताला सापडतो. फोमच्या कारागिरांच्या खोलीत दिवे छताला नसतात, तर दोन्ही भिंतींवर कमरेच्या उंचीला आडवे लावलेले असतात. वरून पडणारा उजेड खोट लपवतो, बाजूने येणारा सावली पाडून ती दाखवतो. आमच्याकडे असे दिवे नव्हते. आम्ही संध्याकाळची तिरपी उन्हे वापरली. शेवटी सँडपेपर आणि जवसाचे तेल. फोम किंवा रेझिन वापरणाऱ्याने नाकातोंडावर चांगला मुखवटा, हातांत मोजे आणि मोकळी हवा यांत कसूर करू नये. ती भुकटी आणि वाफ फुप्फुसांना बाधते.

“उलटो रंधो मारू नको, आधी रेषा बघ,” असे वडील दहादा सांगत होते. अकराव्यांदा मी उलटा मारला आणि नाकाजवळ बोटभर ढलपी उडाली. शिवाय एकाच बाजूला उभा राहून रंधल्याने उजवी कड डावीपेक्षा पातळ झाली. वडिलांना ते दिसत होते. त्यांनी रंधा माझ्या हातातून घेतला नाही. याचा मला त्या वेळी राग आला. आज वाटते, त्यांनी दिलेली सर्वांत मोठी वस्तू हीच.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात, समुद्र खवळण्याआधी, कमरेएवढ्या पाण्यात फळी घेऊन उतरलो. पोहता येत असल्याशिवाय आणि काठावर कोणी असल्याशिवाय हे करू नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही. पंधरा-वीस लाटा अंगावरून गेल्या. मग एकीने उचलले. दहा-बारा वाव मी पाण्यावरून घसरत गेलो, आणि फळी हट्टी बैलासारखी उजवीकडे ओढत राहिली. पातळ कडेचा तो प्रताप. ती ओढ पोटाखाली जाणवली त्या क्षणी कडेची जाडी म्हणजे काय ते मला समजले. दुकानातून आणलेली निर्दोष फळी सरळ गेली असती आणि मला काहीच सांगितले नसते.

कोणी म्हणेल, हा सारा उपद्व्याप कशासाठी? तयार फळी अधिक चांगली असते. ती करणारे वर्षानुवर्षे राबलेले असतात. त्यांच्या कसबापुढे हौशी माणसाने खुडबुड करणे हा त्या कसबाचाच अपमान नाही का? शिवाय सामान वाया जाते ते वेगळेच. या आक्षेपात तथ्य आहे. माझी फळी वाईट आहे हे मी कबूल करतो. थर्मोकोलचे ते पिठले कचऱ्यातच गेले, आणि तो कचरा कुजणारा नाही, याची टोचणी मला आहे. म्हणून तर म्हणतो, पहिली फळी लाकडाची, आखूड आणि उरल्यासुरल्या सामानाची असावी. पण कसबाचा अपमान होतो, हे मला मान्य नाही. जोवर मी रंधा धरला नव्हता, तोवर वडिलांनी केलेला दरवाजा मला नुसता दरवाजा दिसत होता. आता मी त्याच्या कडेवरून हात फिरवतो. बिघडवल्याखेरीज चांगल्याची पारख येत नाही. गिऱ्हाईक किंमत विचारते. एकदा चुकलेला माणूस ‘हे कसे केले?’ असे विचारतो.

आज कर्नाटकात मुल्कीला, तामिळनाडूत कोवलमला तरुण मुले लाटांवर दिसतात. उद्या आपल्या किनाऱ्यावरही दिसतील. तेव्हा फळ्या बाहेरून येतील, महाग येतील, आणि आपण त्या भाड्याने देणारे, फार तर वाळूत वाहून नेणारे होऊ. की ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या होड्या बांधल्या त्या घरांतली मुले त्या घडवतील? त्याचे उत्तर कोणत्याही योजनेच्या आधी कोणाच्या तरी अंगणात, एका बिघडलेल्या फळीने सुरू होईल, असे मला वाटते.

आमची फळी ओसरीवर भिंतीला टेकून उभी आहे. ढलपी उडाली तिथे पाणी शिरून ती थोडी काळवंडली आहे. परवा मी वडिलांना विचारले, “कड सारखी कशी येईल?” ते म्हणाले, “दुसरी केलंस काय समाजतलां.” माळ्यावर फणसाची आणखी एक फळी आहे. परीक्षा संपली की ती काढायची, असे ठरले आहे. आणि या वर्षीच्या फॉर्मवर वडिलांच्या धंद्यासमोर मी ‘सुतार’ असे लिहिले आहे.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)