ज्वारी खाणाऱ्याला शुगर होत नाही?



‘शुगर ही गादीवर बसणाऱ्या शेटजीची बिमारी. आपण भाकर खातो, दिवसभर वखरामागे चालतो, आपल्याला ती कशी होईल?’ हे वाक्य बैठकांतून इतक्यांदा ऐकले की आता त्याची भीती वाटते.

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. ती इन्सुलिन हे संप्रेरक रक्तात सोडते. भाकर असो की पोळी, पचली की तिची साखरच होते, आणि ती रक्तातून अंगी लागायला इन्सुलिन लागते. ते कमी पडले, किंवा शरीर त्याला जुमानेनासे झाले, की साखर रक्तातच तुंबते. गोदाम भरलेले आणि चूल थंड; हा प्रकार आपल्याला नवा नाही. ज्वारी मैद्यापेक्षा बरी, पण ती औषध नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2023 साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की देशात मधुमेही दहा कोटींवर आहेत, आणि खेड्यातल्या शंभर प्रौढांत सुमारे नऊ.

आमच्या शिवारातल्या एकाच्या पायात ज्वारीचे धसकट घुसले. त्याला कळलेच नाही. चपलेतले रक्त बायकोने पाहिले. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने पायाच्या शिरा बधिर होतात, दुखत नाही, म्हणून माणूस डवरणी चालूच ठेवतो. यानेही हळद लावून तेच केले. साखर पहिल्यांदा तपासली ती गुडघ्याखाली पाय कापायच्या आदल्या दिवशी. बैलजोडी दवाखान्यात गेली, पुढच्या हंगामात वावर बटाईने.

काहींना साखर आहे हे ठाऊक असते, पण ‘इन्सुलिन म्हणजे शेवटचे इंजेक्शन’ म्हणून ते टाळतात. खरे तर ते जगवण्यासाठीच निघाले. 1921 साली कॅनडातल्या टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते शोधले, आणि 1922 च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या, मरणपंथाला लागलेल्या एका मुलाला दिले. तो पुढे तेरा वर्षे जगला. पेटंटचे हक्क शोधकांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. (आज त्याच औषधाला कंपन्या काय भाव लावतात, तो वेगळ्या लेखाचा विषय.) घरी फ्रीज नसेल तर बाटली टिनाच्या छपराखाली ठेवू नका. दोन मडक्यांच्या मध्ये ओली वाळू भरा आणि आतल्या मडक्यात बाटली कोरडी ठेवा.

तिशी ओलांडलेल्यांची साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. तिथे मशीन बंद आहे असे सांगितले तर तालुक्याला तक्रार करा, भावासाठी भांडतो तसे भांडा. उपाशीपोटी 126 किंवा त्यावर आकडा आला तर पुन्हा तपासून डॉक्टरांना गाठा. शुगर असलेल्याने रोज संध्याकाळी तळपाय घरच्या माणसाकडून उजेडात बघून घ्यावेत.

माझे मागणे एवढेच, की पुढच्या जिल्हा बैठकीत दारातच तपासणीचे टेबल लागावे. सकाळी काही न खाता या. चहा, भाषणे, ठराव त्यानंतर.